बिनझाकणाच्या टाकीचा दरवान

या मित्रांनो, जवळ या. पण थांबा, आधी हात दाखवा बघू. काडीपेटी नाही ना कुणाच्या खिशात? माती, खडे, चघळून काढलेली चिकट गोळी? नाही म्हणता, मग तो मागचा मूठ का झाकतोय? बरं, असू दे. रागावू नका, माझा स्वभावच असा आहे. मी एका जुन्या मोटारीच्या पेट्रोलच्या टाकीचं तोंड आहे आणि माझ्यावर झाकण नाही. लोक मला तोंड म्हणतात, मी मात्र स्वतःला दरवान समजतो. ज्याच्या दाराला झाकण नसतं, त्याला येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवावीच लागते.

झाकण नाही म्हटलं की लोकांना वाटतं, मी दिवसभर आ वासून बसलेला असतो. छे! गाडीच्या अंगावर पत्र्याचं एक छोटं दार असतं. ते उघडलं की वाटीएवढा खळगा दिसतो आणि त्या खळग्याच्या तळाशी मी. मला दोन झडपा आहेत, एक पुढची आणि एक आतली. दोन्हींना स्प्रिंग आहे, कडेला रबर आहे. बरोब्बर मापाची नळी आली आणि दोन्हीकडच्या खिट्ट्या एकाच वेळी दाबल्या गेल्या, तरच मी उघडतो. बोट घाला, काडी घाला, चोरट्याची रबरी नळी घाला, मी ढिम्म हलत नाही. पंपाची नळी बाहेर निघाली की माझा मी मिटतो. चेहरा बघून नाही, माप बघून आत घ्यायचं, हे मला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं आहे.

ज्या कारखान्यात मी जन्मलो, तिथल्या तपासनीस बाईंनी मला पाण्यात बुडवलं, हवा भरली आणि कडेने एक तरी बुडबुडा सुटतो का ते पाहिलं. एकही सुटला नाही. त्या शेजारणीला म्हणाल्या, "हा पक्का आहे गं. बापाला ओळख देणार नाही." आयुष्यातली ती माझी पहिली शाबासकी.

सुरुवातीची वर्षं मी एका दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे काढली. त्यांनी माझी फार निगा राखली. मऊ फडकं ओलं करायचं, घट्ट पिळायचं, खळगा पुसायचा, मग छोट्या ब्रशने रबराच्या कडेची धूळ काढायची. लोकांची तोंडं साफ करून हात बसलेला असावा, सांदीकोपऱ्यातलंसुद्धा त्या सोडायच्या नाहीत. तरी मला संशय यायचाच, की या एवढ्या प्रेमाने पुसतात त्या अर्थी आता मला विकणार असतील. आणि खरंच, एके दिवशी त्यांनी गाडी विकली.

घेतली ती एका शिंप्याने. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. पुढे दुकान, मागे घर, आणि दुकानाच्या खिडकीला लागून गाडी उभी. खिडकीत मास्तरांचं मशीन. त्यामुळे त्या घरातलं काही माझ्यापासून लपून राहायचं नाही. मास्तरांचा हात इतका नेमका, की गिऱ्हाइकाला दुसऱ्यांदा माप द्यायला यावं लागायचं नाही. पण स्वभाव? मित्रांनो, मी संशयी खरा, पण मास्तरांपुढे मी म्हणजे भोळा सांब! गिऱ्हाइकाने कापड आणून दिलं, तर ते गिऱ्हाइकासमोर मोजायचे आणि तो गेल्यावर पुन्हा मोजायचे, त्याने जाताजाता थोडं कापून तर नेलं नाही ना म्हणून.

गाडी दारात आली त्या दिवशी त्यांनी पत्र्याचं दार उघडलं आणि ओरडले, "अगं ए, इकडे ये! फसवलं आपल्याला. टाकीला झाकणच नाही!"

त्यांची बायको कणकेच्या हातांनी बाहेर आली. "अहो, या गाड्यांना नसतंच म्हणे."

"म्हणे! म्हणणाऱ्याचं काय जातंय? घराला दार नाही आणि म्हणे घर पक्कं आहे."

मला फार लागलं ते. पण बोलणार कसा? तोंड असून मुका, अशी आपली गत.

काही महिने बरे गेले. मग मास्तरांचा मेहुणा तिथे राहायला आला. म्हणजे मास्तरांच्या बायकोचा, आपल्या बाईंचा, धाकटा भाऊ. तो कामाला होता ती गिरणी बंद पडली होती, हाताला काम नव्हतं. शिवलेले गणवेश, पडदे, गाद्यांची कव्हरं गिऱ्हाइकांकडे पोचवायला माणूस हवाच होता, म्हणून मास्तरांनी गाडीची किल्ली त्याच्या हातात दिली. दिली खरी, पण बोटं सोडायला वेळ लागला. तो मात्र हसतमुख होता. गुणगुणत यायचा, काचा पुसायचा. माल उतरवून घ्यायला लोक वेळ लावायचे, तेव्हा गाडीच्या कप्प्यातलं माहितीपुस्तक वाचत बसायचा. सुरुवातीला मी त्याच्यावरही नजर ठेवली. पण त्याने कधी मला वेडंवाकडं धसमुसळेपणाने उघडलं नाही.

गाडी दुप्पट फिरू लागली, तसा पेट्रोलचा काटा लवकर उतरू लागला. यात नवल ते काय? पण मास्तरांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. आधी गाडी ते स्वतः चालवायचे तेव्हा पुरायचं, आता का पुरत नाही? मेहुणा गाडीजवळ आला की खिडकीतला मशीनचा खडखडाट थांबायचा. मेहुणा दूर गेला की पुन्हा सुरू व्हायचा. मला ते ऐकू यायचं. मेहुण्याला यायचं की नाही, कोण जाणे.

मग एके दिवशी मास्तरांनी माझ्यासाठी बूच शिवलं. हो, शिवलं! गादीच्या जाड कापडाचं, आत कापूस ठासलेलं, वर काढायला बंद लावलेला. शिवण इतकी सुबक, की बघत राहावं. ते त्यांनी खळग्यात ठासलं आणि छाती फुगवून आत गेले. पण त्या कापडाची तुसं माझ्या रबरावर चिकटू लागली. मला कसंतरीच व्हायचं.

मेहुण्याने ते पाहिलं. "दाजी, हे बूच काढा हो. याची तुसं आत जातात. झडप नीट मिटणार नाही."

मास्तरांनी मुकाट्याने बूच काढलं. पण संध्याकाळी खिडकीत बायकोला म्हणाले, "बूच काढायला का सांगतोय तो? जरा विचार कर."

"अहो, सांगितलं ना त्याने, तुसं पडतात म्हणून."

"तुसं! शिंप्याच्या घरात आजवर तुसांनी कुणाचं वाईट केलंय?"

त्यानंतर मास्तरांनी जे केलं, ते फक्त मला माहीत होतं. त्यांच्याकडे एक खण होता, त्याची किल्ली कायम त्यांच्या गळ्यात. त्यात भारी कपड्यांसाठी ठेवलेला जांभळा रेशमी दोरा होता. दुपारी सगळे लवंडले असताना ते बाहेर आले, पत्र्याचं दार उघडलं आणि माझ्या तोंडावर आडवा एक दोरा ताणून दोन्ही टोकं मेणाने चिकटवली. दोऱ्याला लावायचं मेण शिंप्याकडे असतंच. दोरा जागेवर असला तर ठीक. दोरा हलला, तर कुणीतरी टाकी उघडली. आणि त्या दिवसापासून पेट्रोल भरायला ते स्वतः जायला लागले.

आता ऐका गंमत. गंमत कसली, माझ्या घशाला फासच होता तो. उन्हाने ते पत्र्याचं दार तापायचं आणि मेण मऊ व्हायचं. दोऱ्याची टोकं सुटून तो घसरायचा आणि माझ्या पुढच्या झडपेच्या फटीशी लोंबायचा. मास्तर पंपावर दार उघडून बघायचे, तर दोरा जागेवर नाही! त्यांचा जवळचा चष्मा दुकानात मशीनला अडकवलेला असायचा. रस्त्यावर चष्मा लावला की आपण म्हातारे दिसतो, असं त्यांना वाटायचं. त्यामुळे रिकामी जागा त्यांना दिसायची, पण खाली लोंबणारा दोरा दिसायचा नाही. त्यांचा चेहरा उतरायचा. मग पंपाची नळी आत यायची आणि तोच दोरा माझ्या घशात ढकलायची. घरी आले की मास्तर नवा दोरा लावायचे. तोही घसरायचा. तोही आत जायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो मी असा दर खेपेला बघत होतो.

तुसं, मेणाचे गोळे आणि दोरे यांची माझ्या रबरापाशी गुंतवळ झाली. झडप पुरती मिटेना, म्हणून पेट्रोलची वाफ सुटू लागली आणि गाडीभोवती वास येऊ लागला. चालकासमोरचा बिघाड दाखवणारा पिवळा दिवा लागला तो विझेना. झडप पुरती उघडेना, म्हणून पंपाची नळी तिरकी बसायची. पेट्रोल उलटं उडायचं आणि नळी मध्येच खट्कन बंद पडायची. खट् झालं म्हणजे टाकी भरली, एवढंच मास्तरांना ठाऊक. पंपावरचे आकडे किती झाले, याकडे त्यांचं लक्षच नसायचं. ते सगळं त्या हरवलेल्या दोऱ्यात. दुसऱ्या दिवशी दुकानातून चष्मा लावून येऊन काटा बघायचे, तर काटा पाऊण टाकीवर.

"कालच काठोकाठ भरली होती," ते पुटपुटायचे. "कालच."

मला ओरडून सांगावंसं वाटायचं, की अहो मास्तर, माझ्यातून थेंबभरही कुणी काढलेला नाही. गेली ती नुसती वाफ, आणि तीही तुमच्या पहाऱ्यामुळे.

असं होता होता तो रविवार आला. मेहुण्याला सुट्टी होती. त्या वासाने त्याच्या जिवाला चैन पडेना. त्याने ओलं फडकं घेतलं, मऊ ब्रश घेतला. मग डिकी उघडून स्टेपनीखालून काळं, लांब मानेचं नरसाळं काढलं. ते नरसाळं गाडीबरोबरच येतं, मित्रांनो. वाटेत पेट्रोल संपलं आणि डब्यातून घालायची वेळ आली, तर साध्या नरसाळ्याला मी दाद देत नाही. त्याच एका नरसाळ्याचं माप मला पटतं. त्याने ते अलगद आत सरकवलं, मी उघडलो, आणि त्याने टॉर्च मारून आत डोकावलं.

"अरेच्चा," तो म्हणाला, "हे जांभळं काय आहे?"

तेवढ्यात मशीन थांबलं. मास्तर बाहेर आले. गळ्यात मापाची पट्टी तशीच.

"काय चाललंय?"

"बरं झालं आलात, दाजी. वास येतोय ना, म्हणून साफ करतोय. आत काहीतरी अडकलंय, हे बघा..."

"हातात काय आहे तुझ्या?"

"नरसाळं. गाडीतलंच आहे, स्टेपनीखाली होतं."

"स्टेपनीखाली लपवलेलं होतं, असं म्हण की. गाडी घेतली तेव्हा मला कुणी नरसाळं दाखवलं नव्हतं."

"अहो, डब्यातून पेट्रोल घालायची वेळ आली तर असावं, म्हणून देतात ते."

"आणि डब्यात काढायची वेळ आली तर?"

मेहुण्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला. बाई दारात आल्या. "अहो, काय बोलताय हे?"

"तुझ्या भावाला विचार. टाकीला झाकण नाही, हातात नरसाळं, आणि दुपारची सामसूम. चोराला आणखी काय लागतं?"

शब्द सुटला. एकदा सुटलेला शब्द परत आत घ्यायला कुठल्याच तोंडाला झडप नसते. मेहुण्याने वाद घातला नाही. नरसाळं पुसून स्टेपनीखाली ठेवलं, फडकं पिळून दोरीवर वाळत घातलं, माझं दार हलक्या हाताने लावलं. बहिणीला एवढंच म्हणाला, "ताई, उद्या सकाळच्या बसने जातो मी."

"कुठे जाशील?"

"बघू. चोराला कुठेही जागा मिळते."

सकाळी तो पिशवी घेऊन गेला. बाई दारात उभ्या राहून तो वळणाआड जाईपर्यंत बघत होत्या. रडल्या नाहीत. आत गेल्या आणि मशीनला अडकवलेला मास्तरांचा चष्मा, टॉर्च आणि कच्चे टाके उपसायचा चिमटा घेऊन बाहेर आल्या. खोटं कशाला बोलू, मला त्यांचाही संशय आला. म्हटलं, ही बाई आता रागाने माझा घसाच फाडते की काय! पण त्यांनी नरसाळं काढलं, भावाने केलं होतं तसंच अलगद घातलं आणि आत बघितलं. मग नरसाळं बाजूला करून रबरापाशी अडकलेलं ते चिमट्याने धरलं आणि ओढलं.

एक जांभळा दोरा बाहेर आला. टोकाला मेण. मागोमाग दुसरा, त्याला गुंतलेला तिसरा, मग तुसांचा गोळा. बाईंनी ते सगळं तळहातावर घेतलं. जांभळं रेशीम कुठल्या खणात असतं आणि त्याची किल्ली कुणाच्या गळ्यात असते, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"अहो, बाहेर या जरा."

"गिऱ्हाईक यायचंय."

"गिऱ्हाइकाला थांबू दे. बाहेर या."

मास्तर आले. बाईंनी तो चष्मा त्यांच्या डोळ्यांवर चढवला आणि तळहात पुढे केला. "हा दोरा कुणाचा?"

मास्तर बघत राहिले.  मग हळूच म्हणाले, "पाळतीला लावला होता."

"कुणाच्या पाळतीला?"

मास्तर बाईंच्या तळहातावरच्या दोऱ्याचं मेण नखाने खरवडू लागले.

"वास येत होता तो यानं. दिवा लागला तो यानं. तो बिचारा हेच काढायला वाकला होता, आणि तुम्ही त्याला चोर म्हणालात. सुतावरून स्वर्ग गाठणारे ऐकले होते मी. तुम्ही स्वतःच्याच सुताने माझ्या भावाला घराबाहेर घालवलंत." बाईंचा आवाज आता भरून आला. "आजवर माप घेतल्याशिवाय कापडाला कधी कात्री लावली नाहीत. माणसालाच बरी लावलीत हो!"

 मास्तर आत गेले, किल्ली घेऊन आले आणि गाडीत बसले. डोळ्यांवरचा चष्मा काढायचंही त्यांच्या लक्षात आलं नाही.

बसथांब्यावर मेहुणा बाकावर बसला होता. गाडी त्याच्यासमोर अशी थांबली, की माझी बाजू त्याच्याकडे. बस अजून यायची होती. मास्तर उतरले आणि पट्टी चाचपू लागले, मग ती गळ्यात नाही हे लक्षात येऊन हात खाली सोडले.

"चल. पेट्रोल भरायचंय."

"तुम्हीच भरा, दाजी. माझा हात लागला की काटा उतरतो."

"दोरा माझा होता," मास्तर म्हणाले. "मीच लावला होता. तोच अडकला आत. माझं चुकलं रे. फार चुकलं."

मेहुण्याने वर पाहिलं. दोऱ्याचं सगळं त्याच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मग तो म्हणाला, "पहाराच ठेवायचा होता, तर मला सांगायचं होतंत. दुसरं टोक मी धरलं असतं."

मास्तरांचे डोळे भरले. चष्म्यामुळे ते अधिकच मोठे दिसत होते. तेवढ्यात बस आली, थांबली आणि लोक चढू लागले. माझा जीव, म्हणजे जे काही माझ्यात असेल ते, टांगणीला लागला. बस निघाली तेव्हा मेहुणा अजून बाकावरच होता.

"येतो मी," तो उठत म्हणाला. "पण तुमच्यासाठी नाही. ताईसाठी येतोय. चोर म्हणून हाकललं, हे तिने आईला कुठल्या तोंडाने सांगायचं?"

त्या दिवशी दोघांनी मिळून मला साफ केलं. पंपावर नळी सरळ बसली आणि खट् झाली ती टाकी खरोखर भरल्यावरच. काटा वर जाऊन टेकला. वास गेला, आणि थोड्या दिवसांनी पिवळा दिवाही विझला.

मी बरा झालो, पण ते घर एवढ्यात बरं झालं नाही. मेहुणा काम पूर्वीसारखंच करायचा, पण माझ्याजवळ एकटा येईना. मला पुसायचं असलं की खिडकीखालून हाक मारायचा, "दाजी, बाहेर या. टाकी पुसायचीय." मास्तर यायचे आणि मान खाली घालून शेजारी उभे राहायचे. मेहुणा त्यांना रिकामे हात उलटेसुलटे करून दाखवायचा, मगच दार उघडायचा. तो हे चेष्टेने करत नव्हता. मास्तरांना ते बघवायचं नाही, पण नको म्हणायलाही त्यांना तोंड नव्हतं. माझ्या रबरावरची घाण एका पुसण्यात गेली होती. मनातली इतक्या सहज जात नसावी.

पुष्कळ दिवस असेच गेले. मग एका दुपारी मेहुणा फडकं घेऊन आला आणि त्याने हाक मारलीच नाही. कदाचित विसरला असेल, कदाचित मुद्दामच. त्याने पत्र्याचं दार उघडलं. खिडकीतलं मशीन थांबलं. मेहुण्याचा हात माझ्यावर होता तिथेच थांबला, आणि फडक्यातलं पाणी माझ्या कडेवर टपकलं. त्याने खिडकीकडे पाहिलं नाही. मीही सगळ्या अंगाने ऐकत होतो.

मग मशीन पुन्हा सुरू झालं. एक लांब शिवण, कुठेही न अडखळता, या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. लगेच दुसरी लागली. मेहुण्याने फडकं पिळलं आणि मला पुसता पुसता तो गुणगुणायला लागला. या घरात आल्यावर पहिल्या दिवसांत गुणगुणायचा ना, तसंच.

आता मी म्हातारा झालो आहे, मित्रांनो. रबर कडक झालंय, स्प्रिंग कुरकुरते. पण जोवर गाडी चालते तोवर माझा पहारा चालू आहे. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल, तर मोठ्यांना सांगून त्याची एवढी काळजी घ्या. फडकं मऊ घ्या आणि ओलं करून घट्ट पिळा. तेल, ग्रीस, मेण काही लावू नका, आणि बूच तर नकोच नको. पंपाची नळी खट् झाली की क्षणभर थांबा, शेवटचे थेंब आतच पडू द्या, मग ती काढा. नरसाळं जागेवर ठेवा आणि ते कशासाठी असतं हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

आणि कधी कुणी माझ्यापाशी वाकलेलं दिसलं, तर खिडकीतून बघत बसू नका. बाहेर या, चष्मा असेल तर लावा, आणि जवळ येऊन विचारा, "काय अडकलंय रे?"